गावाची एकी आणि मतपेटी : विदर्भातल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की विदर्भातल्या खेड्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "पह्यले गावात एकी होती, इलेक्शननं गाव फोडलं." चहा संपेपर्यंत ते गावावरून देशावर येतं. देश टिकतो तो रीत, धाक आणि वडीलधाऱ्यांच्या शब्दावर, की दर पाच वर्षांनी मतं मोजून? टपरीवर याचा निकाल लागत नाही. संविधान सभेतही तो एका बैठकीत लागला नव्हता, आणि त्या वादाची एक बाजू तर इथूनच गेली होती.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामातून १९३६ पासून गांधीजींच्या ग्रामस्वराज्याची मांडणी होत होती : खेडं हाच देशाचा पाया. त्याला सरसकट सनातनी म्हणणं अन्यायाचं होईल, पण जुन्या गावरहाटीवरचा विश्वास त्यात होताच. उलट ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर यांनी खेड्याला अज्ञान, कोतेपणा आणि जातीयतेचं घर ठरवलं आणि मसुद्यात गाव नव्हे, व्यक्ती हे एकक धरलं आहे याचं समाधान व्यक्त केलं. सभेत नाराजी उमटली. २२ नोव्हेंबरला तडजोड म्हणून पंचायतींचं कलम आलं, तेच आजचं कलम ४०. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत बसवलं, म्हणजे त्यासाठी कोर्टात जायची सोय नाही. अध्यक्षांचं म्हणणं ज्यांना पुस्तकी वाटतं, त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला खेड्यापाड्यांतून धम्मदीक्षेसाठी नागपुरात जमलेली गर्दी आठवावी. गावाच्या एकीत पाणी कोणत्या विहिरीचं प्यायचं, हे त्या माणसांना कुणी सांगायला नको होतं.

त्याआधीच्या गावगाड्याचा 'जुना विदर्भ' असा एकच साचा नव्हता. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. नागपूर, भंडारा, वर्धा, चांद्याकडे (आजचं चंद्रपूर) मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करून भरणारा मालगुजार मधे. पूर्वेकडच्या मालगुजाराच्या शब्दाला जे वजन होतं, ते अकोल्याकडच्या पाटलाच्या शब्दाला तसंच्या तसं नव्हतं. जुन्याच्या बाजूनं एक मुद्दा मात्र खरा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले हजारो तलाव त्या व्यवस्थेत सांभाळले जात. गाळ कधी काढायचा, पाणी कुणाच्या बांधीला (धानाच्या शेताला) आधी, हे ठरलेलं असे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, नावापुरते 'माजी मालगुजारी' म्हणजे मामा तलाव उरले आणि पुष्कळसे गाळानं भरले. हा तोटा मतपेटीवाल्यांनी मान्य करावा. पण ठरवणारा एक आणि गाळ उपसणारे दुसरे, हेही त्याच हिशेबात धरायला हवं.

१९५८ चा ग्रामपंचायत कायदा, १९६२ ची जिल्हा परिषद, वंशपरंपरागत पाटीलकी संपवणारा कायदा, १९९३ ची घटनादुरुस्ती, २०११ पासून महिलांना निम्म्या जागा हा क्रम वाचकांना ठाऊक आहे. खरा गुंता एका शब्दात आहे : बिनविरोध.

गावात हा शब्द कौतुकानं उच्चारला जातो. पेपरात 'गावानं आदर्श घालून दिला' असं छापून येतं, लोकप्रतिनिधी अशा गावाला निधी देऊ करतात. १५ ऑगस्ट २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेनं भांडण नसणं ही बक्षिसाची गोष्ट केली. मोहीम वाईट नव्हती. बांधाचे, वाटेचे कितीतरी वाद कचेरीची पायरी न चढता मिटले. आणि गंमत म्हणजे दिसायला वडीलधाऱ्यांची असलेली ही समिती पूर्व विदर्भात पळून आलेल्या जोडप्यांची लग्नं लावून देऊ लागली, त्यातली काही आंतरजातीयही! परंपरेच्या बाजूनं मोजायची की उदारमताच्या?

पण तंटा नसणं आणि विरोध नसणं यात फरक आहे. कायद्याला बिनविरोध म्हणजे एवढंच कळतं, की अर्ज मागे घ्यायची मुदत संपली तेव्हा जागा तेवढेच उमेदवार उरले. का उरले, हे कागदावर येत नाही. बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवलं असेल. सालदारानं (वर्षाच्या कराराच्या गड्यानं) मालकाच्या पोराविरुद्ध भरलेला अर्ज रात्रीतून मागे घेतला असेल. राखीव जागेवर बाई कोण, हे तिला न विचारता ठरलं असेल. तिन्हींचा निकाल एकाच शब्दात लिहिला जातो. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या दोन गावांत पदांसाठी बोली लागल्याचं उघड झालं, तेव्हा तिथली निवडणूक प्रक्रियाच रद्द झाली. ती गावं विदर्भातली नाहीत, म्हणून इकडे कुणी हुरळून जाऊ नये.

'एकमत' आणि 'सर्वसहमती' हे शब्दही याच पोत्यात भरले जातात, आणि इथे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आठवावं लागतं. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणाऱ्या या गोंड गावात निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकाचाही आक्षेप असेल तर विषय पुढच्या सभेवर. वरवर हे जुन्या रीतीचं समर्थन वाटतं. पण तिथं सभेआधी अभ्यासगट बसतो, बायका सभेत बोलतात, आणि 'नाही' म्हणणाऱ्याला घरी जाऊन समज दिली जात नाही. शिवाय २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तो २००६ च्या वनहक्क कायद्यानं. परंपरा होतीच, कागद संसदेचा लागला.

दारूचंही तसंच. बंदीची मागणी ऐकायला सोवळी, पण ती पुरी होते मतदानानं : गावातल्या नोंदणीकृत महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी 'आडव्या बाटली'वर, म्हणजे बंदीच्या चिन्हावर, शिक्का मारला तर दुकान बंद. चंद्रपुरात २०१५ ला जिल्हाभर बंदी आली आणि २०२१ ला उठली. दोन्ही वेळा निर्णय मुंबईत झाला.

सरपंचाच्या निवडीनं तर पाच वर्षांत तीनदा कूस बदलली. २०१७ ला थेट जनतेतून, २०२० ला पुन्हा सदस्यांतून, २०२२ ला परत थेट. प्रत्येक वेळी कारण सांगितलं ते गावाच्या भल्याचं. थेट निवडीत सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्याचं, म्हणून ठराव अडतात, हे खरं. सदस्यांतून निवडायचा तर चार सदस्य सहलीला नेले की काम होतं, हेही खरं. मधल्या काळात, जानेवारी २०२१ ला, सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडतच मतदानानंतर काढली गेली. कुणासाठी मत देतोय हे मतदाराला नीट माहीत नव्हतं.

नोव्हेंबर २०१८ पासून राज्यातल्या स्थानिक निवडणुकांत 'नोटा'ला (वरीलपैकी कुणीही नाही) सर्वाधिक मतं पडली तर निवडणूक पुन्हा घ्यावी लागते. लोकसभेला, विधानसभेला ही सोय नाही, त्या बाबतीत गाव दिल्लीच्या पुढं आहे. मात्र जागा बिनविरोध झाली की तिथं मतदानच होत नाही, म्हणून नोटाचं बटणही नाही. अर्ज मागे घ्यायच्या दिवशी दुपारी तीननंतर तहसील कार्यालयातून गुलाल उधळत ट्रॅक्टर गावाकडे निघतो, आणि ज्यानं अर्ज मागे घेतला तोही बऱ्याचदा त्याच ट्रॉलीत बसलेला असतो.