मागच्या चिमट्यातलं अंतर कसं वाढत गेलं

आजोबांची काळी सायकल बाहेर काढायची, रंगवायची आणि तिला गिअरचं चाक बसवून दौलताबादचा घाट चढायचा, ही हौस संभाजीनगर-जालन्याकडे अलीकडे बरीच दिसते. अडतं ते मागच्या चिमट्यापाशी, म्हणजे मागचं चाक दोन्हीकडून धरणाऱ्या फ्रेमच्या दोन दांड्यांपाशी. नवं चाक आत शिरतच नाही.

चाकाच्या आसावर दोन्ही टोकांना चेकनट असतात. त्यांच्या बाहेरच्या कडांमध्ये जेवढं अंतर, तेवढीच जागा चिमट्यात लागते. काळ्या सायकलीत ती साधारण ११० मिलिमीटर भरते. हा साचा इंग्लंडच्या रोडस्टरचा, म्हणजे रोजच्या वापराच्या दणकट सायकलीचा. मराठवाडा १९४८ मध्ये निजामाच्या राजवटीतून सुटला. त्याच सुमारास मद्रासची टीआय, आसनसोलची सेन-रॅले, सोनीपतची ॲटलस असे कारखाने देशात उभे राहिले. १९५६ मध्ये लुधियानाची हीरो आली. मास्तर, पोस्टमन, दूधवाला, सगळ्यांच्या बुडाखाली एकाच चकतीचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं दातेरी चक्र. गोदाकाठच्या सपाटीवर तेवढं पुरतं, म्हणून ते अंतर कुणी बदललं नाही. मानव विकास कार्यक्रमात मुलींना मिळते ती सायकलही बिनगिअरचीच.

युरोपात मात्र शर्यतींनी हे अंतर वाढवलं. टूर द फ्रान्समध्ये १९३७ पासून डेरेलरला, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला, परवानगी मिळाली आणि दात्यांच्या चकत्या वाढू लागल्या. पाच चकत्यांना १२० मिलिमीटर, सहा-सातला १२६, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस आठ आल्या तेव्हा १३०. माउंटन बाइकने १३५ धरले. चकत्या उजवीकडे वाढल्या की हबची (चाकाच्या मधल्या तुंब्याची) उजवी कड डावीकडे सरकते, त्या बाजूच्या तारा जवळजवळ उभ्या होतात, डाव्या ढिल्या राहतात आणि चाक सारखं आउट होत, म्हणजे डुलत राहतं. सनटूर या जपानी कंपनीने १९७० च्या दशकात चकत्या जवळजवळ बसवून १२० मध्येच सहा कोंबल्या होत्या. युक्ती झकास, पण ती फार पुढे जाणारी नव्हती.

इथे पोलादाचा गुण कामी येतो. न तापवता चिमटा फाकवता येतो आणि तो तसाच राहतो. पण गज वाकवणाऱ्या फिटरला विचारा, लोखंड थोडं मागे येतंच. म्हणून हव्या मापाच्या पुढे न्यावं लागतं. ॲल्युमिनियमवर हा प्रयोग करू नये, कार्बनवर तर नाहीच. दोन्ही बाजू एकदम ताणल्या तर जी नरम तीच वाकते, म्हणून एकेक बाजू वेगळी फाकवतात. मग आस ज्यात बसतो त्या चिमट्याच्या टोकांच्या पट्ट्यांपैकी एका पट्टीपासून दोरा हेडपाइपला वळसा घालून दुसऱ्या पट्टीला बांधायचा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. सारखं आलं तर फ्रेम सरळ. शेवटी पट्ट्या एकमेकींना समांतर करायच्या, नाहीतर आस वाकतो किंवा तुटतो. दोरा लावायचा कंटाळा करणारे बरेच असतात, आणि पुढे चाकालाच दोष देतात.

१२६ चे १३० करणं म्हणजे एका बाजूला जेमतेम दोन मिलिमीटर, त्याची भीती नको. ११० चे १३० ही वेगळी गोष्ट: चिमट्याच्या दोन दांड्यांना पितळेने जोडलेल्या आडव्या नळीचा, म्हणजे पुलाचा, सांधा उघडू शकतो. काळ्या सायकलीला गिअर हवेच असतील, तर मी हबच्या पोटात तीन गिअर असलेलं स्टर्मी-आर्चर पद्धतीचं चाक बघेन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते याच जातीच्या सायकलींसाठी निघालं होतं, आणि त्याला चिमटा फार तर पाच-सात मिलिमीटर फाकवावा लागतो.