वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२

रानातील प्राणी, पक्षी व वनस्पती यांच्या संरक्षणासाठी संसदेने केलेला केंद्रीय कायदा. वन्यप्राण्यांचे संरक्षण हा विषय त्या वेळी राज्यसूचीत, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांच्या घटनेतील यादीत होता. त्यामुळे अकरा राज्यांच्या विधानमंडळांनी अनुच्छेद २५२ अन्वये ठराव केल्यावरच संसदेला तो हाती घेता आला. पुढे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्ये दोघांनाही कायदे करता येणाऱ्या विषयांच्या यादीत गेला. या अधिनियमापूर्वी मुंबई राज्यात १९५१ चा स्वतंत्र कायदा होता.

अधिनियमाचे खरे बळ ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत आहे. मारण्याबरोबरच प्राणी पकडणे, त्यासाठी सापळा वा फासा लावणे, पक्ष्यांची अंडी व घरटी यांना धक्का लावणे, इतकेच नव्हे तर यांचा नुसता प्रयत्न करणे, हीदेखील शिकारच ठरते. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे नागपंचमीला जिवंत नाग धरून मिरवण्याच्या प्रथेला मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने चाप बसला, तो यामुळेच. पूजेसाठी का होईना, ते नाग पकडलेले असत. माणसाच्या जिवावर उठलेल्या अनुसूची १ मधील (अधिनियमाला जोडलेल्या, सर्वाधिक संरक्षणाच्या यादीतील) प्राण्यालाही मारण्याची परवानगी राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतो आणि त्यासाठी प्राण्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नाही, अशी त्याची खात्री व्हावी लागते.

वनस्पतींकडे कायद्याचे लक्ष उशिरा गेले. १९९१ च्या दुरुस्तीने आलेल्या सहाव्या अनुसूचीत घटपर्णी, कूठ, निळी व तांबडी वांडा, लेडीज स्लिपर ऑर्किडे आणि बेडोमचा सायकस एवढीच नावे होती. प्राण्यांच्या लांबलचक याद्यांपुढे ही यादी तुटपुंजीच म्हणावी लागेल. या वनस्पती वनजमिनीवरून तोडण्यास वा उपटण्यास मनाई आहे, मात्र अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आपल्या जिल्ह्यात स्वतःच्या वापरापुरती सूट मिळू शकते. २०२२ च्या दुरुस्तीने सहा अनुसूचींच्या चार केल्या. त्यांतील पहिल्या दोन प्राण्यांच्या, तिसरी वनस्पतींची, तर चौथी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइट्स’ करारातील जातींची आहे.

अनुसूची १ मधील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांचा कारावास आहे. पूजासाहित्यात दुर्मीळ मुळी म्हणून खपवली जाणारी ‘हत्ता जोडी’ पुष्कळदा घोरपडीच्या नराचे वाळवलेले जननेंद्रिय असते, आणि घोरपडीचे नाव याच अनुसूचीत आहे.