वऱ्हाडातल्या मंडळ्या आणि प्रीतीची लहान कामे : पार्श्वभूमी

बायबलमधला गार पाण्याचा पेला, जखमी वाटसरूला उचलून नेणारा परका शोमरोनी, करिंथकरांस पहिल्या पत्राचा प्रीतीवरचा तेरावा अध्याय हे ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) वाढलेल्यांना सांगायला नको. यरुशलेमातल्या पहिल्या मंडळीत विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली, तेव्हा त्या कामाला सात जण नेमले गेले. मनात माया दाटून येईल तेव्हा येईल, विधवेला आज जेवू घालायचे, हा निर्णय तेव्हाच झाला होता.

विदर्भात ही गोष्ट दुष्काळापासून धरावी लागते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड होरपळले. मिशनच्या आवारांत अनाथ मुलांना अन्न मिळाले, अक्षरओळख झाली, हाताला काम मिळाले. त्यातल्या कित्येकांच्या संसारांतून पुढे मंडळ्या वाढल्या. हे ऋण मोठे आहे. पण देणारा बंगल्यातला आणि घेणारा दारातला, ही घडीही तेव्हाच बसली आणि ती मोडायला फार वर्षे लागली.

खरा वाद उभा राहिला तो स्वातंत्र्यानंतर. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. तिथल्या सरकारने १९५४ मध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी एका माजी न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, १९५६ मध्ये तिचा अहवाल आला. शाळा, दवाखाना, कर्ज ही धर्मांतराची साधने झाली आहेत, असा तिचा ठपका होता. वैद्यकीय सेवेचा असा वापर कायद्याने थांबवावा, ही शिफारस होती. ख्रिस्ती समाजाने अहवाल एकांगी ठरवला, आणि माझ्या मते तो तसा होताच. तापाने फणफणलेल्या शेजारणीकडे कण्या घेऊन जाणाऱ्या बाईवर त्याने नाहक संशयाची सावली पाडली. तरीही त्यातला एक प्रश्न झटकून टाकण्यासारखा नव्हता: मदतीच्या मागे अपेक्षा असेल, तर ती प्रीती कशी? परत मिळण्याची आशा न धरता द्या, हे लूकच्या सहाव्या अध्यायात आधीपासून आहेच.

अहवालाच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, विदर्भ मुंबई राज्यात गेला. मध्य प्रदेशात १९६८ मध्ये झालेला धर्मांतरावरचा कायदा त्यामुळे इथे लागू झाला नाही. धास्ती मात्र रेंगाळली. ‘आपलं आपल्यापुरतं बघा’ म्हणणाऱ्यांना बायबलमधल्या गलतीकरांस पत्रातला ‘विशेषतः’ हा शब्द (विशेषतः विश्वासाने एका घराण्यातल्यांचे बरे करावे) सोयीचा पडला. त्याच वचनात आधी ‘सर्वांचे बरे करावे’ असे आहे, ते मागे पडले. ही कुंपणाआतली माया मला अहवालाइतकीच नुकसानीची वाटते.

पुढे परदेशी माणसे गेली, पैसा आटला. यवतमाळची पाळक (मंडळीचे धर्मगुरू) घडवणारी संस्थाही १९८३ मध्ये पुण्याला हलली. मोठे करण्याजोगे फारसे हाती उरले नाही, तेव्हा उरले ते शेजाऱ्याने शेजाऱ्यासाठी करायचे: तालुक्याच्या दवाखान्यात कुणाच्याही पेशंटला भाकरी-वांग्याचा डबा पोचवणे, डवरणीला (उभ्या पिकातल्या मशागतीला) एक दिवस बैलजोडी देणे. प्रार्थना करायची ती विचारून, नाही म्हटले तर डबा ठेवून निघायचे.

नव्वदच्या दशकाअखेरपासून शेतकरी आत्महत्यांनी या कामांचे रूप पुन्हा बदलले. २००६ मध्ये पश्चिम विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्राने ३,७५० कोटींचे पॅकेज दिले. घरातला कर्ता गेल्यावर मिळणारी एक लाखाची सरकारी मदत (३० हजार हातात, ७० हजार ठेवीत) प्रकरण ‘पात्र’ ठरले तरच मिळते. त्यासाठी सातबारा, बँकेच्या कर्जाचा कागद, शवविच्छेदनाचा अहवाल गोळा करावा लागतो. नवरा जाऊन महिनाही न झालेल्या बाईला एकटीने तलाठ्याकडे जाणे जड जाते. सोबत कुणी असले, लेकरांना कुणी दुपारी जेवू घातले, तर ती फाइल पूर्ण होते. आणि प्रकरण ‘अपात्र’ ठरले, तर वेचणीच्या दिवसांत तिच्या वावरात कोण उतरणार, याचे उत्तर गावालाच द्यावे लागते. मंडळीतल्या चार बाया तिथे गेल्या, तर त्या घराची जात-धर्म विचारून गेलेल्या नसाव्यात, एवढाच माझा आग्रह आहे.