शासकीय पदांचे राजधानीबाहेर स्थलांतर (ब्रिटन)

लंडनमधील मध्यवर्ती खात्यांची कामे, त्यांवरील पदांसह, प्रादेशिक शहरांत कायमची हलविण्याचे धोरण. यात निर्णयाचा अधिकार मंत्र्याकडेच राहतो, कामाची जागा तेवढी बदलते. त्यामुळे सत्तेच्या विकेंद्रीकरणाशी त्याची गल्लत करू नये.

या धोरणाच्या उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो बार्लो आयोगाच्या 1940 च्या अहवालात पाहतात. लंडनमधील उद्योग व लोकवस्ती यांची दाटी कमी करावी, असे त्या अहवालाचे म्हणणे होते. दुसऱ्या मतानुसार उगम युद्धकाळातला आहे. त्या काळात नौदल खात्याच्या अनेक शाखा बाथला गेल्या, अन्न मंत्रालय वेल्समधील कॉल्विन बे येथे, तर प्राप्तिकर खात्याचा काही भाग लॅन्डुड्नो येथे हॉटेलांतून काम करू लागला. पण ही हालचाल बाँबहल्ल्यांपासून बचावासाठी होती आणि युद्धानंतर बरीच कार्यालये परतली. बाथमधील नौदलाच्या शाखा मात्र पुढे अनेक दशके तेथेच राहिल्या. तिसरे मत सर गिल्बर्ट फ्लेमिंग यांच्या 1963 च्या अहवालापासून आरंभ धरते. ‘हे काम लंडनमध्येच का व्हावे?’ हा प्रश्न खातेनिहाय व पद्धतशीरपणे तेथे विचारला गेल्याने हेच मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि राष्ट्रीय विम्याच्या नोंदींचे प्रचंड काम युद्धोत्तर काळातच न्यूकॅसलजवळील लाँगबेंटन येथे नेले गेले होते. म्हणून 1963 ही काटेकोर सीमारेषा नव्हे.

कोणते उदाहरण या धोरणात मोजायचे, हाही वादाचा मुद्दा आहे. स्वान्सी येथील वाहन व चालक परवाना केंद्राचा उल्लेख नेहमी होतो. परंतु तेथील काम मुख्यतः देशभरच्या स्थानिक परिषदांकडून गोळा झाले. ते केंद्रीकरणच होते, फक्त त्याचे ठिकाण लंडनबाहेर निवडले गेले. शाही टांकसाळीचे उदाहरण अधिक नेमके आहे. दशमान नाण्यांची तयारी चालू असताना वेल्समधील लॅन्ट्रिसंट येथे 1968 मध्ये नवी टांकसाळ सुरू झाली आणि लंडनमधील टॉवर हिल येथे शेवटचे नाणे 1975 मध्ये पडले. मधली सुमारे सात वर्षे दोन्हीकडे काम चालू होते.

सर हेन्री हार्डमन यांच्या 1973 च्या अहवालाने या विषयाला पद्धत दिली. खाते हे एकक न धरता त्यातील ‘कामाचे गट’ पाडायचे. प्रत्येक गटाचा मंत्री, इतर खाती व बाहेरच्या संस्था यांच्याशी बैठका, दूरध्वनी आदींद्वारे येणारा संपर्क मोजायचा. एकमेकांत गुंतलेले गट एकत्रच हलवायचे. आणि संपर्क तुटल्याने होणारे नुकसान जागाभाडे व वेतनातील बचतीसमोर ठेवायचे. अहवालाने सुमारे 31,000 पदे हलविण्याची शिफारस केली, पण 1979 मध्ये आलेल्या सरकारने कार्यक्रमाला मोठी कात्री लावली. पुढे सर मायकेल लायन्स यांच्या 2004 च्या अहवालाने सुमारे 20,000 पदे हलविता येतील असे दाखविले.

प्रत्यक्षात पदे हलतात, माणसे बहुधा हलत नाहीत. कनिष्ठ कारकुनी श्रेणींवर बदलीचे बंधन सहसा नसे. त्यांना लंडनमध्येच दुसऱ्या खात्यात सामावून घ्यावे लागे आणि नव्या गावी स्थानिक भरती होई. वरिष्ठ श्रेणी बदलीस पात्र असत, तरी जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा आणि लंडनचे घर एकदा विकल्यावर परत येणे परवडणार नाही ही भीती आड येई. म्हणून क्रम महत्त्वाचा ठरतो. लंडनच्या इमारतीचा भाडेकरार संपण्याची तारीख आधी पाहायची. कर्मचाऱ्यांकडून लेखी पसंती घ्यायची. रिक्त राहणाऱ्या पदांवर नवी माणसे आधीच नेमून जुन्यांच्या शेजारी बसवायची. काही काळ दोन्ही ठिकाणी काम चालवायचे. मगच जुने कार्यालय बंद करायचे. समांतर कामाचा काळ खर्चिक असल्याने कात्री प्रथम तेथेच लागते, आणि पुढच्या गोंधळाचे मूळ बहुधा तिथेच असते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे मुख्यालय लायन्स अहवालानंतर न्यूपोर्ट येथे नेले तेव्हा लंडनमधील बहुसंख्य कर्मचारी गेले नाहीत. न्यूपोर्टला व्यवसायविषयक आकडेवारीचे काम पूर्वीपासून होते, पण राष्ट्रीय उत्पन्नाचे हिशेब मांडणारी अनुभवी माणसे तेथे तयार नव्हती. त्यामुळे तज्ज्ञता घटून आकडेवारीच्या गुणवत्तेला धक्का बसला, असा निष्कर्ष सर चार्ल्स बीन यांच्या 2016 च्या पाहणीत आहे. अर्ज, नोंदी, देयके अशी नियमबद्ध कामे नव्या भरतीला काही महिन्यांत शिकविता येतात. हिशेबामागची गृहीतके जाणणारा माणूस घडायला वर्षे लागतात. पदसंख्येवर लक्ष्य ठरविले की हा भेद पुसला जातो, हा या धोरणाचा सर्वांत गंभीर दोष होय.

2021 मध्ये अर्थ मंत्रालयाची शाखा डार्लिंग्टन येथे नेण्याची घोषणा झाली. येथे धोरण आखणारी वरिष्ठ पदेही बाहेर नेण्याचा रोख होता.

महाराष्ट्रात नागपूर करारानुसार (28 सप्टेंबर 1953) नागपुरात भरणारे विधिमंडळाचे अधिवेशन या प्रकारात मोडत नाही, कारण अधिवेशन संपताच यंत्रणा मुंबईला परतते. मंत्रालय मुंबईत आणि कृषी, सहकार, साखर यांची आयुक्तालये पुण्यात ही रचना मात्र हार्डमन यांच्या ‘कामाचे गट’ पाडण्याच्या विभागणीशी मिळतीजुळती आहे.