व्हँकोमायसिनची लाली की खरी ॲनाफिलॅक्सिस?

व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक सलाईनमधून लावून पाच-दहा मिनिटं होतात आणि रुग्ण मान खाजवायला लागतो. चेहरा, गळा, छातीचा वरचा भाग लाल होतो. सिस्टर सलाईन बंद करतात, ते बरोबरच. चूक होते ती पुढे, केस पेपरवर 'व्हँकोमायसिन ॲलर्जी' असं लिहिताना. याच्या उलट, सेफ्ट्रिॲक्सोन या दुसऱ्या अँटिबायोटिकनंतर 'घसा आवळतोय' म्हणणाऱ्याला ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी ॲलर्जी, असू शकते; तरी नुसतं एव्हिल (ॲलर्जीवरचं इंजेक्शन) देऊन वाट बघितली जाते. ही दुसरी चूक जीव घेऊ शकते.

लाली आणि ॲनाफिलॅक्सिस, दोन्हींत मास्ट पेशींमधून हिस्टामिन (खाज आणि लाली आणणारं रसायन) सुटतं, म्हणून सुरुवात सारखी दिसते. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिनच्या ॲनाफिलॅक्सिसमध्ये सहसा शरीरानं त्या औषधाविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं (ॲलर्जी घडवणारी प्रथिनं) आधीच तयार करून ठेवलेली असतात. तिथे अगदी थोडं औषधही पुरतं, कितीही हळू द्या. व्हँकोमायसिन मात्र प्रतिपिंडांशिवाय या पेशींना थेट डिवचतं. त्यामुळे पहिल्याच डोसला लाली येऊ शकते, आणि ती येणार की नाही हे बरंचसं वेगावर ठरतं.

वेगाचा हिशेब पक्का हवा. मिनिटाला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, आणि कुठलाही डोस ६० मिनिटांच्या आत नाही. यातला जो वेळ जास्त तो धरायचा. म्हणजे प्रौढ रुग्णात ५०० मिलिग्रॅम एका तासात, पण १ ग्रॅमला १०० मिनिटं. ५०० मिलिग्रॅमची व्हायल १० मिली स्टराईल वॉटरमध्ये विरघळवून निदान १०० मिली एनएसमध्ये (मिठाच्या सलाईनमध्ये) घालायची. १ ग्रॅमला २०० मिली. २० थेंबांना १ मिली असा सेट असेल, तर २०० मिलीसाठी मिनिटाला ४० थेंब पडतात. बिघडतं ते इथेच: बाकीची अँटिबायोटिक्स १०० मिलीच्या बाटलीत अर्ध्या तासात जातात, त्याच सवयीनं १ ग्रॅमही १०० मिलीत टाकून रोलर (थेंबांचा वेग ठरवणारं चाक) सैल सोडला जातो. औषध दुप्पट घट्ट, वेग तिपटीहून जास्त, शिवाय शीर सुजते ती वेगळीच. एकदा लावलेले थेंबही हात हलला की बदलतात, म्हणून पहिली १५ मिनिटं रुग्णाजवळच थांबा आणि थेंब पुन्हा मोजा.

लाली दिसली की सलाईन बंद करा, डॉक्टरांना बोलवा आणि लगेच बीपी, नाडी, श्वास, ऑक्सिजन बघा. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना तर तापलेला चेहरा आणि घामोळं यांनी आणखी गोंधळ होतो. म्हणून 'खाज सुटली का, अंग गरम वाटतं का, श्वास नीट जातो का' हे तोंडानं विचारा. बीपी आणि श्वास ठीक असेल, तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून एव्हिल द्यायचं, आणि खाज ओसरल्यावर तेच औषध निम्म्या वेगानं, पण मिनिटाला १० मिलिग्रॅमच्या आतच, पुन्हा सुरू करता येतं.

पण घरघर, आवाज बसणं, ओठ-जीभ सुजणं, उलट्या किंवा बीपी घसरणं यातलं काही दिसलं, तर औषध कुठलंही असो, ॲनाफिलॅक्सिस समजा. व्हँकोमायसिननंही ती क्वचित होते. अंगावर पुरळ नाही म्हणून थांबू नका. काहींना ते येतच नाही. प्रौढाला ॲड्रेनालिन १:१००० चं ०.५ मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. फरक नसेल तर ५ मिनिटांनी पुन्हा. रुग्णाला आडवं ठेवून पाय उंच करा, दम लागत असेल तर बसू द्या, पण एकदम उभं करू नका. ऑक्सिजन लावा, एनएस जोरात सोडा, आणि आधीचा सेट बदला, कारण नळीत उरलेलं औषध त्याच्यासोबत आत जातं. एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टिरॉइड) नंतर. इथे तेच औषध निम्म्या वेगानंही पुन्हा द्यायचं नाही. टेस्ट डोस (आधी थोडंसं औषध टोचून केलेली चाचणी) निगेटिव्ह आला होता म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही.

नोंद नेमकी हवी. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीहून नागपूरच्या मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजला) किंवा धंतोलीच्या दवाखान्यात आलेला रुग्ण गावी परततो, आणि पुढच्या डॉक्टरांच्या हाती फक्त डिस्चार्ज कार्ड असतं. नुसतं 'ॲलर्जी' लिहिलं, तर एमआरएसए या अनेक अँटिबायोटिक्सना दाद न देणाऱ्या जिवाणूच्या संसर्गात त्याचं कामाचं औषध हातचं जातं. त्यापेक्षा असं लिहा: 'व्हँकोमायसिन १ ग्रॅम, ३० मिनिटांत जाईल अशा वेगानं लावलं; मान-छातीवर लाली व खाज; बीपी, श्वास ठीक; नंतर मिनिटाला १० मिलिग्रॅमच्या आतल्या वेगानं त्रासाविना पूर्ण.' ॲनाफिलॅक्सिस असेल तर औषधाचं नाव, किती मिनिटांनी काय झालं आणि ॲड्रेनालिनचे किती डोस लागले, हे लिहा. तीच माहिती नातेवाइकांनाही समजावून सांगा.