दोन वर्षं इथे, दोन वर्षं तिथे : मानवशास्त्राकडे जाणाऱ्या एका वाटेची पार्श्वभूमी

‘ज्युनियर कॉलेज’ म्हटलं की आपल्याला अकरावी-बारावी आठवते. अमेरिकेत हाच शब्द बारावीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांसाठी रूढ झाला आणि पुढे अशा कॉलेजांना कम्युनिटी कॉलेज म्हणू लागले. हा फरक आधी सांगायला हवा, कारण कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी घरांतही त्यावरून गैरसमज होतात. नात कम्युनिटी कॉलेजात जाणार असं कळलं की आजी-आजोबांना वाटतं, कुठे प्रवेश मिळाला नाही म्हणून हे. त्यात ती मानवशास्त्र, म्हणजे माणूस आणि त्याच्या संस्कृतींचा अभ्यास, घेणार असेल तर काळजी दुप्पट. ती ज्या वाटेने निघाली आहे ती वाट सव्वाशे वर्षांची जुनी आहे, आणि कॅलिफोर्नियात तर ती कायद्याने बांधून काढलेली आहे.

ही वाट सुरू झाली ती मात्र गरिबांसाठी दार उघडावं म्हणून नव्हे. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचं मत होतं की पदवीची पहिली दोन वर्षं म्हणजे शाळेचाच वाढीव भाग. खरं विद्यापीठ तिसऱ्या वर्षापासून सुरू होतं. त्यांनी आपल्याच विद्यापीठात दोन भाग पाडले आणि 1896 मध्ये त्यांना ज्युनियर आणि सीनियर कॉलेज अशी नावं दिली. शिकागोजवळच्या जोलिएट गावात जे. स्टॅन्ली ब्राउन हे शाळाप्रमुख होते. हार्पर यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी 1901 मध्ये शाळेतच पुढचे वर्ग सुरू केले. पहिल्या तुकडीत सहा विद्यार्थी होते. आज तेच अमेरिकेतलं सर्वांत जुनं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज. विद्यापीठाला नवख्या मुलांच्या शिकवणीतून मोकळं करावं, हा त्यामागचा मूळ विचार होता.

त्याच 1901 साली बर्कलीला कॅलिफोर्निया विद्यापीठात मानवशास्त्र विभाग स्थापन झाला. पैसा फीबी अ‍ॅपरसन हर्स्ट यांचा होता. कोलंबिया विद्यापीठात फ्रान्झ बोआस यांच्या हाताखाली त्याच वर्षी डॉक्टरेट मिळवलेले आल्फ्रेड क्रोबर तिथे रुजू झाले. मूळ रहिवाशांच्या भाषा, गाणी, टोपल्या, कथा गोळा करणं हे विभागाचं मोठं काम होतं. त्याच जमातींची हाडं विद्यापीठाच्या कपाटांत साठत गेली. 1911 मध्ये ‘याही’ नावाच्या जमातीपैकी एकटा उरलेला इशी विद्यापीठाच्या संग्रहालयात आला आणि 1916 मध्ये क्षयाने जाईपर्यंत तिथेच राहिला. त्याच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेला पाठवला गेला. तो 2000 साली परत मिळाला. जानेवारी 2021 मध्ये बर्कलीने विभागाच्या इमारतीवरून क्रोबर यांचं नाव काढलं, त्यामागे हा सगळा इतिहास होता. ज्यांचा अभ्यास होत होता ती माणसं आणि अभ्यास करणारी माणसं यांत त्या काळी फार मोठं अंतर होतं. म्हणूनच या विषयाच्या वर्गात कोण येऊन बसतं याला माझ्या मते इतर विषयांपेक्षा जास्त महत्त्व आहे, आणि कम्युनिटी कॉलेजची वाट इथे मोलाची ठरते.

कॅलिफोर्नियाने 1907 मध्ये कायदा करून शाळांना विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांचं शिक्षण देण्याची मुभा दिली. बर्कलीचे अलेक्सिस लँग आणि स्टॅनफर्डचे डेव्हिड स्टार जॉर्डन यांचा या कल्पनेला पाठिंबा होता. त्यांचं बोलणंही हार्पर यांच्याच सुरातलं होतं. पण 1910 मध्ये फ्रेस्नोने या कायद्याचा पहिला उपयोग केला तो वेगळ्या कारणासाठी. फ्रेस्नोहून बर्कली जवळपास तीनशे किलोमीटर. द्राक्षबागांच्या त्या भागातल्या शेतकऱ्याला मुलाला तिथे ठेवून शिकवणं परवडत नव्हतं. विद्यापीठांना ओझं कमी करायचं होतं, गावांना शिक्षण जवळ हवं होतं, आणि दोघांची गरज एकाच कायद्यात भागली. 1921 च्या कायद्याने या कॉलेजांना स्वतःचे स्वतंत्र जिल्हे, म्हणजे शाळांपासून वेगळा कारभार असलेली क्षेत्रं, करता येऊ लागले.

दुसऱ्या महायुद्धानंतर सगळंच बदललं. 1944 च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च मिळाला, आणि 1947 मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द देशभर नेला. खरी बांधणी झाली ती 1960 च्या कॅलिफोर्निया मास्टर प्लॅनमध्ये. विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क कर हे त्याचे प्रमुख शिल्पकार. शाळेतल्या वरच्या साडेबारा टक्के मुलांना कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक तृतीयांश मुलांना स्टेट कॉलेजं, आणि ज्युनियर कॉलेजांचं दार सर्वांना उघडं. विद्यापीठाने पदवीच्या जागांपैकी साधारण साठ टक्के जागा वरच्या दोन वर्षांसाठी ठेवायच्या, म्हणजे कॉलेजांतून तिसऱ्या वर्षाला येणाऱ्यांना जागा राहते.

या योजनेचं कौतुक खूप होतं, आणि ते योग्यच आहे. पण विद्यापीठाचं दार त्याच योजनेने अरुंद केलं, हेही लक्षात ठेवावं. त्याआधी विद्यापीठात आणि स्टेट कॉलेजांत थेट पहिल्या वर्षाला जास्त मुलांना प्रवेश मिळू शकत होता. आता त्यांतल्या अनेकांना ‘आधी दोन वर्षं तिकडे जा, मग या’ असं सांगितलं गेलं. त्या बदल्यात कम्युनिटी कॉलेज मोफत होतं, तेही 1984 पर्यंत. 1978 मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रॉपोझिशन 13 या प्रस्तावाने मालमत्ता कराचा पैसा आटला आणि शुल्क आलं. आज ते युनिटमागे (युनिट म्हणजे अभ्यासक्रम मोजायचं माप) 46 डॉलर आहे, म्हणजे विद्यापीठाच्या तुलनेत अजूनही फार थोडं.

प्रवेश देऊ म्हणणं सोपं. पण कॉलेजात शिकलेला विषय विद्यापीठ आपलाच म्हणून धरेल का, हा प्रश्न पुढची कित्येक दशकं पुरला. आपल्याकडे विद्यापीठ बदलताना मायग्रेशन सर्टिफिकेट आणि पात्रतेच्या कागदांसाठी खिडक्यांपुढे उभं राहावं लागतं. तिथे प्रत्येक कॉलेजाचा प्रत्येक विषय प्रत्येक विद्यापीठाशी वेगवेगळा जुळवावा लागे. या जुळवणुकीच्या करारांची माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून 1985 मध्ये असिस्ट नावाची सोय सुरू झाली. आज ती उघडली की दोन रकाने दिसतात. डावीकडे विद्यापीठाचा विषय, उजवीकडे आपल्या कॉलेजातला त्याच्या बरोबरीचा. मधूनच उजवा रकाना रिकामा असतो आणि तिथे लिहिलेलं असतं, की जुळणारा विषय नाही. ही एक ओळ वाचून मुलं शेजारच्या कॉलेजात एका विषयापुरती नाव नोंदवतात किंवा विद्यापीठाचाच पर्याय बदलतात.

मानवशास्त्राच्या मुलांचं यात एक वेगळेपण आहे. इंजिनियर व्हायचं ठरवून मुलं कॉलेजात येतात. मानवशास्त्रज्ञ व्हायचं ठरवून फार थोडी येतात, कारण शाळेत हा विषय त्यांना भेटलेलाच नसतो. आपल्याकडेही इरावती कर्वे आणि डेक्कन कॉलेज ही नावं माहीत असतात, पण बारावीपर्यंत या विषयाशी बहुतेकांची गाठ पडत नाही. 1991 पासून कॅलिफोर्नियात सर्व शाखांना लागणाऱ्या सामान्य विषयांची एक समान यादी चालू झाली. तिच्यात सांस्कृतिक मानवशास्त्र सामाजिक शास्त्रांत मोजलं जातं आणि जैविक मानवशास्त्र जीवशास्त्राच्या रकान्यात. त्यामुळे विज्ञानाची अट भागवायला म्हणून नर्सिंगची किंवा कॉमर्सची मुलगी जैविक मानवशास्त्राच्या वर्गात येऊन बसते.

तिथल्या प्रयोगशाळेत टेबलावर कवट्यांच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती मांडलेल्या असतात. चिंपांझीची कवटी उलटी करून पाहायची. मज्जारज्जू जिथून आत शिरतो ते भोक मागच्या बाजूला दिसतं. मग ऑस्ट्रॅलोपिथेकसची, म्हणजे लाखो वर्षांपूर्वीच्या मानवसदृश प्राण्याची, कवटी उलटी करायची. मेंदू जवळपास तेवढाच लहान, पण भोक पुढे सरकलेलं, कवटीच्या तळाशी. म्हणजे डोकं कण्यावर तोललेलं होतं. हा प्राणी दोन पायांवर चालत होता. मेंदू मोठा व्हायच्या कितीतरी आधी आपण उभे राहिलो, हे त्या मुलीला स्वतःच्या बोटांनी कळतं. हाच पाठ विद्यापीठात शेकडो मुलांच्या सभागृहात शिकवला जातो. इथे तीस-चाळीस जणांत, प्रतिकृती हातात घेऊन. अशा वर्गाला दुय्यम समजलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

2010 मध्ये राज्याने ट्रान्सफरसाठीची, म्हणजे कॉलेजातून विद्यापीठात जाण्यासाठीची, खास असोसिएट (दोन वर्षांची) पदवी आणली. साठ युनिटची ही पदवी घेतली की कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत (म्हणजे पूर्वीच्या स्टेट कॉलेजांत) तिसऱ्या वर्षाला प्रवेश नक्की, आणि उरलेल्या साठ युनिटांत पदवी पुरी व्हावी अशी रचना. मानवशास्त्रासाठीही ती आहे. जैविक, सांस्कृतिक आणि पुरातत्त्व हा तिचा गाभा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा कॅम्पसांना प्रवेशाची हमी मागता येते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सान डिएगो ही हमी देत नाहीत. 2021 च्या कायद्यांनी सामान्य विषयांची यादी दोन्ही विद्यापीठांसाठी एकच केली, आणि सर्व कम्युनिटी कॉलेजांत सारख्या विषयाला सारखाच क्रमांक असावा असं ठरवलं.

इतकं होऊनही एक अडचण कायद्याच्या कक्षेत आलेली नाही, आणि ती याच विषयाला जास्त बोचते. दोन वर्षं म्हणतात, पण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरअखेर जातो. हमी हवी असेल तर सप्टेंबरमध्येच. ज्या मुलीने पहिल्या वर्षाच्या वसंतात ती कवटी हातात घेतली, तिला ऑगस्टमध्ये असिस्टचे दोन रकाने उघडून बसावं लागतं. पुरातत्त्व कॉलेजात दर सत्राला असतंच असं नाही, भाषिक मानवशास्त्र तर अनेक ठिकाणी नसतंच. समुपदेशकाची वेळ मिळाली तर अर्ध्या तासाची. नोव्हेंबरमध्ये ती अर्ज भरते तेव्हा ज्या विषयासाठी ती चालली आहे, त्याचा बहुधा एकच निकाल तिच्या हाती असतो. बाकीचे विषय अर्जात ‘चालू’ किंवा ‘नियोजित’ म्हणून लिहिलेले असतात.