स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा प्रसार

स्वादुपिंडातील मूळ गाठीतून सुटलेल्या कर्कपेशी यकृत, पर्युदर (उदरपोकळीचे आतले पातळ आवरण), फुप्फुसे अशा दूरच्या ठिकाणी पोचून तेथे नवी गाठ धरतात, त्या प्रक्रियेला वैद्यकात मेटास्टॅसिस म्हणतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगांपैकी सुमारे ९० टक्के नलिकाजन्य, म्हणजे स्वादुपिंडातील नलिकांशी निगडित प्रकारचे असतात आणि ही नोंद त्यांच्यापुरतीच आहे. निदान होते तेव्हाच जवळपास निम्म्या रुग्णांत रोग दूरवर गेलेला असतो. लक्षणे उशिरा दिसतात हे त्याचे नेहमीचे कारण. पण तेवढ्याने उलगडा होत नाही.

सुरुवात बहुधा केरास या जनुकातील उत्परिवर्तनाने, म्हणजे जनुकाच्या रचनेतील बदलाने होते. ते ९० टक्क्यांहून अधिक गाठींत सापडते. पुढे पेशींना आवर घालणारी सीडीकेएन२ए, टीपी५३ आणि स्मॅड४ ही जनुके निकामी होत जातात. स्मॅड४ गमावलेला रोग जास्त व्यापक पसरण्याकडे कल दाखवतो. मात्र केवळ प्रसारालाच जबाबदार असे वेगळे उत्परिवर्तन शोधूनही हाती लागलेले नाही. मूळ गाठ आणि यकृतातील गाठ यांची प्रमुख उत्परिवर्तने बहुतांशी सारखीच निघतात. फरक दिसतो तो कोणती जनुके चालू आणि कोणती बंद राहतात यात.

प्रसार ही वाढलेल्या गाठीची अखेरची पायरी, या समजुतीला २०१२ साली उंदरांवरील एका प्रयोगाने धक्का दिला. त्यात स्वादुपिंडाच्या पेशींना पिवळ्या चमकणाऱ्या प्रथिनाची खूण केली होती. सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडात कर्कपूर्व बदलच दिसत असताना खुणेच्या पेशी रक्तात आणि यकृतात पोचलेल्या आढळल्या. स्वादुपिंडाला दाह असेल तर ही गळती वाढे. उंदरावरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे खरे. शिवाय पेशी पोचणे वेगळे आणि तिथे रुजणे वेगळे.

मूळ गाठीत कर्कपेशींपेक्षा तंतुमय ऊतकच पुष्कळदा जास्त असते. ते बनवण्यात स्वादुपिंडातील ताराकृती पेशींचा हात असतो. त्याच्या दाबाने रक्तवाहिन्या चेपतात, प्राणवायू कमी पडतो आणि अशा कोंडीत काही पेशी शेजारणींशी असलेली पकड सोडून हालचाल करू लागतात. मज्जातंतूंच्या आवरणात शिरून त्यांच्या कडेने सरकणे ही या कर्करोगाची खास खोड आहे. पाठीत जाणाऱ्या तीव्र वेदनेमागे अनेकदा तेच असते.

स्वादुपिंडातले रक्त पोर्टल शिरेतून थेट यकृतात जाते, म्हणून पहिला मुक्काम बहुधा तिथेच पडतो. परंतु वाट सोपी असणे पुरेसे नाही. इंग्लिश शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगासंदर्भात मांडलेला ‘बीज आणि माती’ हा विचार, म्हणजे कर्कपेशीरूपी बीज अनुकूल अवयवाच्या मातीतच रुजते, येथे चपखल बसतो, त्यात भर एवढीच की इथले बीज मातीची मशागत आधीच करून ठेवते. उंदरांत दिसलेला क्रम असा: गाठीतून सुटलेल्या एक्सोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पिशव्या यकृतातील कुप्फर पेशी (तिथल्या भक्षकपेशी) गिळतात. त्या पेशी टीजीएफ-बीटा हे संदेशवाहक प्रथिन स्रवतात. त्यामुळे यकृतातल्या ताराकृती पेशी फायब्रोनेक्टिन हे चिकट प्रथिन तयार करतात आणि त्याला अस्थिमज्जेतून आलेल्या भक्षकपेशी चिकटतात. कर्कपेशी येण्याआधीच तिच्यासाठी जागा तयार असते.

पर्युदराची वाट निराळी. तिथे रक्तप्रवाह लागत नाही. गाठीच्या पृष्ठभागावरून सुटलेल्या पेशी थेट उदरपोकळीत सांडतात.

यकृतात पोचलेल्या सगळ्याच पेशी लगेच वाढत नाहीत. काही एकेकट्या निपचित राहतात. उंदरांतील अशा पेशींच्या पृष्ठभागावर टी-पेशींना (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) ओळख पटवणारे एमएचसी-१ रेणू नसतात, त्यामुळे त्या पहाऱ्यातून निसटतात. पेशींतर्गत ताण ओसरला की विभाजन सुरू होते, पण त्याबरोबर ते रेणूही परततात. म्हणून टी-पेशी शाबूत असेतोवर अशी वाढ दाबली जाते. मूळ गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढल्यावरही महिन्यांनी यकृतात रोग का उफाळतो, याचे एक संभाव्य उत्तर या पेशींत आहे.